पाबळचा अभ्यासक्रम

विहीर कुठे खणायची, हा शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. वर पावसाचा भरवसा नाही, खाली काळा पाषाण. बोअर कोरडी गेली की कर्ज तेवढं उरतं. म्हणून हातावर नारळ धरून शिवार फिरणाऱ्या पाणाड्याला अजून बोलावणं येतं. पाबळच्या विज्ञान आश्रमात मात्र या प्रश्नाचाच धडा झाला. चार लोखंडी खुंट्या एका रेषेत, सारख्या अंतरावर जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन खुंट्यांमधला विद्युतदाब मोजायचा. अंतर वाढवत नेलं की वीज अधिक खोलवरून जाते. कोरडा कातळ तिला जास्त विरोध करतो; भिजलेला मुरूम किंवा पाणी धरलेला भेगाळ खडक कमी. आकडे आलेखावर मांडले की पाणी कुठे असू शकेल याचा अंदाज येतो. तो अंदाजच असतो, आणि शेतकऱ्याला तसं स्पष्ट सांगणं हाही धड्याचा भाग आहे.

या मोजणीमागचा ओहमचा नियम शाळेत सगळेच पाठ करतात. पण आपण काढलेल्या आकड्यावर शेजारचा माणूस पैसे घालणार आहे, हे ज्याला ठाऊक असतं तो मुलगा प्रत्येक मोजमाप दोनदा तपासतो. विज्ञान आश्रमाचं सारं म्हणणं मला इथे दिसतं: शिकता शिकताच कुणाच्या तरी उपयोगी पडावं लागतं, म्हणून नीट शिकलं जातं.

हे म्हणणं मांडणारे डॉ. श्रीनाथ कलबाग अन्नतंत्रज्ञ होते. अमेरिकेत पीएच.डी., मग म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, मग हिंदुस्थान लिव्हरचा संशोधन विभाग. निवृत्तीआधीच नोकरी सोडून १९८३ मध्ये ते पत्नी मीराताईंसह पाबळला आले. इतिहासात मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असलेलं हे गाव, पुणे जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातलं. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी वाढवलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून आश्रम सुरू झाला. शाळेने नापास ठरवलेली मुलं मंद नसतात, शिकवण्याची रीत चुकलेली असते, असं कलबाग मानत. हात, डोळे आणि डोकं एकत्र चालतात तेव्हा माणूस शिकतो; लहान मूल चालायला, बोलायला असंच तर शिकतं.

म्हणून इथला वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम शाळा अर्ध्यात सोडलेल्या मुलांनाही खुला राहिला. शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग. पण कागदावरच्या विभागांपेक्षा महत्त्वाचं आहे ते गावाचं काम. गावातल्या माणसाला खिडकीची ग्रील हवी असते. मुलं माप घेतात, सामानाचा हिशोब करतात, अँगल कापतात, वेल्डिंग करतात आणि पैसे घेतात. फुकटात केलेलं काम वाकडं झालं तरी लोक कौतुक करून सोडून देतात. पैसे मोजणारा माणूस मात्र गुण्या लावून काटकोन तपासतो. याहून चोख परीक्षा मला तरी ठाऊक नाही.

लोखंडी त्रिकोण जोडून उभा राहणारा ‘पाबळ डोम’ हे याच कार्यशाळेचं अपत्य. त्याला मधे खांब लागत नाही. चौकोन दाबला तर कलतो, त्रिकोण कलत नाही. भूमितीतलं हे सत्य मुलांनी छप्पर उभारताना शिकून घेतलं. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली; एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. त्या यंत्रांकडेही आश्रमाने गावाच्या गरजा घेऊनच पाहिलं. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू राहिलं.

माझ्या लेखी आश्रमाचं सर्वांत मोठं काम कुंपणाबाहेरचं आहे. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय माध्यमिक शाळांत आला, राज्याच्या शालान्त परीक्षा मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवी ते दहावीची मुलं-मुली आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. माती तपासतात, रोपं वाढवतात, विजेची जोडणी करतात, हिमोग्लोबिन मोजतात. मुली वेल्डिंग करतात, मुलगे स्वयंपाक. आपल्याच वर्गातल्या मुलींचं रक्त कमी आहे हे स्वतः मोजून कळतं, तेव्हा पालेभाजीचा वाफा हा त्या शाळेचा स्वतःचा विषय होतो.

१९३७ साली वर्ध्याला नयी तालीमची मांडणी झाली, तीही हस्तोद्योगातून शिक्षणाचीच. पुष्कळ शाळांत ती टकळीच्या तासापुरती उरली, कारण ते सूत कुणालाच नको होतं. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. स्वागतच आहे. पण दहा दिवसांत सुताराकडे बघून येता येतं, रंधा हाताला बसत नाही. शिवाय त्या दिवसांत केलेली वस्तू कुणाला हवी होती का, हे विचारायला वेळच उरत नाही.

आठवड्याचा एक दिवस द्यायचा तर शाळेला हत्यारं लागतात आणि शिकवायला कसब असलेला माणूस लागतो. तो गावातच असतो: वेल्डर, गवंडी, वायरमन, रोपवाटिका चालवणारी बाई. बी.एड. नसलेल्या या माणसांचं मानधन देणगीदाराच्या मर्जीवर न ठेवता शाळेच्या कायमच्या खर्चात धरायला हवं. पुढच्या अंदाजपत्रकात खडू-फळ्याच्या शेजारी ती एक ओळ घालायला सरकारला काहीच अडचण नसावी.