गाणारा नट : राजकुमार

बोलपटांच्या आरंभीच्या काळात नटाला गळा असणे ही जवळजवळ अटच मानली जाई. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे स्वतः गात, आणि ‘कुंकू’तील शांता आपटे आठवाव्यात तर त्यांच्या स्वरासकटच आठवतात. पुढे पार्श्वगायन आले. मुद्रा एकाची आणि कंठ दुसऱ्याचा ही वाटणी इतकी अंगवळणी पडली की, तीत काही हरवले आहे याचे स्मरणही फारसे कोणाला उरले नाही. या दृष्टीने कन्नड नट राजकुमार यांची कहाणी मोठी विलक्षण आहे.

त्यांचे मूळ नाव मुत्तुराज. जन्म १९२९ सालचा. वडील गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत नट होते. शाळा लहानपणीच सुटली आणि कंपनी हीच मुलाची पाठशाळा झाली. तिथले शिक्षण कसे असे, हे मराठी माणसाला सांगण्याची आवश्यकता नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवतांचे खेळ पाहूनच सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आपले पहिले नाटक उभे केले होते. भाषण आणि पद ही एकाच श्वासाची दोन रूपे आहेत, हा या रंगभूमीचा पहिला पाठ.

असा हा तालमीत तयार झालेला गाता नट १९५४ साली ‘बेडर कण्णप्पा’तून पडद्यावर आला, राजकुमार हे नाव त्याला मिळाले, आणि तिथेच त्याचे गाणे जवळजवळ थांबले! दोनचार फुटकळ गीते सोडली तर पुढची वीस वर्षे त्यांच्या ओठांवर दुसऱ्याचाच स्वर होता, बहुधा पी. बी. श्रीनिवास यांचा. तो स्वर मृदू होता, रसाळ होता, आणि तो राजकुमारांचा नव्हे असे प्रेक्षकाला कधी वाटले नाही. कन्नडमध्ये शरीर म्हणजे देह आणि शारीर म्हणजे कंठस्वर. या दोन शब्दांवर श्लेष साधून राजकुमार स्वतःला शरीर आणि श्रीनिवासांना शारीर म्हणत. यात विनय तर आहेच. पण ज्याला स्वतःचा गळा आहे त्याने असे म्हणावे, यात थोडी व्यथाही असावी असे मला वाटते.

१९७४ साली ‘संपत्तिगे सवाल’ या चित्रपटात एक प्रसंग होता. नायक म्हशीच्या पाठीवर बसून हेल काढीत गातो. संगीतकार जी. के. वेंकटेश यांनी ते गाणे खुद्द राजकुमारांकडूनच गाऊन घेतले. पौराणिक देवांपासून ‘जेडर बले’तल्या गुप्तहेरापर्यंत सारी सोंगे ज्याने वठवली, त्याचा कंठ मोकळा व्हावा तो अखेर म्हशीच्या पाठीवर! गाणे अफाट गाजले. त्यानंतर आपल्या भूमिकांची गाणी ते स्वतःच गाऊ लागले. शब्द फेकण्याची कंपनीतली रीत त्या गाण्यात स्पष्ट ऐकू येते. भाषण कोठे संपले आणि सूर कोठे लागला, हा सांधा दिसत नाही.

१९७७च्या ‘सनादी अप्पण्णा’त मात्र उलटा योग आला. सनादी म्हणजे आपली सनई. ती वाजवणाऱ्या खेडवळ कलावंताची भूमिका राजकुमारांची, आणि सनई प्रत्यक्ष बिस्मिल्ला खाँसाहेबांची. ज्याला स्वतःचा स्वर नुकता परत मिळाला होता, त्याने पुन्हा दुसऱ्याच्या फुंकरीला आपले गाल आणि आपली बोटे द्यावयाची होती.

पुढे १९८२च्या गोकाक आंदोलनात, शाळांत कन्नडला अग्रस्थान मिळावे म्हणून ते सभांतून बोलले. त्या वादात कोणाची बाजू काहीही असो, त्यांच्या आवाजाचा पल्ला तेव्हा सर्वांना कळला. दोनशेहून अधिक चित्रपट करूनही अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही. १९९२च्या ‘जीवन चैत्र’साठी मिळाला तो गायनाचा. १२ एप्रिल २००६ रोजी बंगळूरला त्यांचे निधन झाले. तिथल्याच कंठीरव स्टुडिओच्या आवारात त्यांची समाधी आहे.