बाळाची दुपटी तयार, बाळंतिणीचे कपडे?

वलगावसारख्या गावात लेक बाळंतपणाला माहेरी आली, की आजी ट्रंकेतलं जुनं, मऊ झालेलं लुगडं काढते. त्याची दुपटी होतात, लंगोट होतात. लेकीसाठी मात्र अमरावतीहून आणलेले दोन गाऊन, तेही बरेचदा नायलॉनचे. पुढचे सहा आठवडे तिचं शरीर ज्या कपड्यांत सावरणार आहे, त्यांचा विचार कोणी फारसा करत नाही.

आधी नाडीचं बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने होतात. या शस्त्रक्रियेचा छेद बहुधा ओटीपोटावर आडवा असतो. प्रसूतीनंतर काही दिवस पोट मोठंच दिसतं. परकराची किंवा सलवारीची नाडी त्याखाली घसरते आणि नेमकी टाक्यांवर येऊन बसते. घाम, घर्षण आणि दाब यांनी जखम ओली राहते. नाडीचा काच किती महाग पडू शकतो, हे आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दिसलं आहे. सावंगीच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी बिहारमधील सहकाऱ्यांसोबत २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन वयस्क स्त्रियांची नोंद केली. वर्षानुवर्षं कमरेला करकचून बांधल्यामुळे झालेल्या जखमेत त्यांना त्वचेचा कर्करोग झाला होता. बाळंतिणीला सहा आठवड्यांत असं काही होत नाही, घाबरू नये. पण ओल्या टाक्यांवर नाडी नकोच. बेंबीच्या वर येणारा, रुंद आणि सैल पट्टा असलेला परकर किंवा पायजमा शिवून घ्यावा.

आता पोट बांधणं. ‘पोट नाही बांधलं तं सुटते,’ हे वऱ्हाडात घरोघरी ऐकू येतं. गर्भाशय मात्र बांधल्याने नव्हे, स्वतःच्या आकुंचनाने साधारण सहा आठवड्यांत पूर्ववत होतं; स्तनपानाने त्याला मदतच होते. तरी आजीची पद्धत अगदीच टाकाऊ नाही. सिझेरियननंतर उठताना, खोकताना, चालताना पोटाला आधार मिळाला तर दुखणं कमी जाणवतं. डॉक्टरांना विचारून पट्टा बांधावा, आत दोन बोटं सहज जातील इतकाच. झोपताना काढावा. पट्ट्याने खाली ओढल्यासारखं जड वाटलं, तर तो घट्ट आहे.

छातीच्या कपड्यांत तर आपण मागेच गेलो आहोत. पुढे गाठ मारायची जुनी चोळी बाळाला पाजायला किती सोयीची होती! आता मागे हूक, आत पॅड. बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. दर वेळी गाऊन गळ्यापर्यंत उचलावा लागला, तर माणसांनी भरलेल्या घरात बाई पाजणं पुढे ढकलते. दूध साचतं, गाठ होते, ताप येतो. घट्ट किंवा तार असलेल्या ब्रेसियरनेही हेच होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरलं की माप वाढतं, म्हणून आधीच एक माप मोठी, सुती ब्रेसियर घ्यावी.

गावातला टेलर हा गाऊन सहज शिवून देईल: धुतलेलं सुती कापड, छातीवर दोन उभ्या चिरा आणि त्यांवर झाकणारा एक पदर. चेन नको, बाळाच्या गालाला टोचते. चपटी बटणं बरी. असे निदान चार हवेत, कारण दुधाने आणि घामाने ओला झालेला कपडा तसाच अंगावर राहिला की पुरळ उठतं. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना बाळंतिणीला स्वेटर आणि कानाला रुमाल कशासाठी? कापूस पिकवणाऱ्या मुलखात एवढं सूत तरी तिच्या वाट्याला यावं.

आतले कपडे उंच कमरेचे, सुती, उन्हात खडखडीत वाळवलेले असावेत. प्रसूतीनंतरचा स्राव चार ते सहा आठवडे राहतो आणि हळूहळू फिका होतो. मात्र तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, स्रावाला घाण वास येत असेल, किंवा टाक्यांतून पू दिसत असेल, तर घरचे उपाय न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.