नोटीस लागलेलं घर

सकाळी ६.३०
चहाच्या आधी पेपर, आणि पेपरात आधी आतलं पान. जाहीर प्रगटन, ताबा नोटीस, हरकती मागवणाऱ्या वकिलांच्या चौकटी. पहिल्या पानावरचं राजकारण बीडमध्ये न वाचताही कानावर येतं. सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा मात्र वाचाव्याच लागतात. माझा धंदा खोट असलेल्या जागांचा: विनापरवाना बांधलेल्या, एनए नसलेल्या, गुंठ्यानं विकलेल्या, नगरपरिषदेची नोटीस लागलेल्या. निर्वेध जागेला गिऱ्हाईक रांगेत उभं असतं, तिथं माझ्यासारख्याला काय उरणार?

८.००
बायपासच्या अलीकडची एक वसाहत. धुळे-सोलापूर महामार्गाचा बायपास झाला आणि इथली शेतं एकरात सांगायचं लोकांनी सोडून दिलं. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरची रेल्वे सुरू झाल्यापासून तर भाव विचारायची सोय नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेवढ्यात दोन खोल्या, संडास, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात तुळस. घेणारे कोण, तर उसाच्या चार-पाच हंगामांत गाठीला पैसा बांधलेले मुकादम, शाळेतले शिपाई, एसटीचे वाहक. कागद काय, तर तेव्हाचा शंभराचा बॉन्ड आणि दोन साक्षीदार.

आजचे आबा जुने मुकादम. त्यांनी गणपतीच्या तसबिरीमागून नोटीस काढली. घडी इतक्यांदा उघडलेली की कागद मधोमध फाटला होता, नातवानं वहीला लावायची चिकटपट्टी लावली होती. नगररचना अधिनियम १९६६, कलम ५२ आणि ५३.

“साहेब, पाडतेत का आता?”

मी टेप काढला. त्यांची भिंत आणि शेजाऱ्याची भिंत यांत दीड फूट. माणूस आडवा होऊनच जाईल. साईड मार्जिनच्या नावानं शून्य. वीजबिल मागितलं. मीटर २०१६ चा निघाला. ते बिल मी दोनदा वाचलं आणि मग विचारलं, “किती आले तर देता, आबा?”

त्यांनी सांगितलेला आकडा शेजारच्या तशाच घराच्या निम्म्याहून कमी होता. मी संध्याकाळी येतो म्हणालो.

१०.००
बिंदुसरा नदीच्या काठचं एक घर. दलाल हवेशीर म्हणून सांगत होता. घरमालकिणीनं सांगितलं, १९८९ च्या पुरात इथं काही उरलं नव्हतं. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. हे घर निळीच्या आत. दंड भरून मार्जिन सुटतं, नदी सुटत नाही. दहा मिनिटांत बाहेर.

११.३०
नगरपरिषद, नगररचना विभाग. टेबलावर विकास आराखडा पसरला. आबांचा गट पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवासी. रस्ता नाही, बगीचा नाही, शाळेचं आरक्षण नाही. आता गुंठेवारीचा कायदा. तो आला २००१ मध्ये, तेव्हा त्यात १ जानेवारी २००१ पूर्वीचीच घरं बसत होती. २०२१ च्या दुरुस्तीनं ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. २०१६ च्या मीटरचं मोल हेच. अर्ज, नकाशा, प्रशमन शुल्क, विकास शुल्क, आणि घर नियमित व्हायची वाट मोकळी. खरं सांगायचं तर यातलं निम्मं मला सकाळी बिल हातात आलं तेव्हाच कळलं होतं. भाव त्यानंतर विचारला.

२.३०
भाकरी गाडीवर बसूनच खाल्ली आणि अभिलेख कक्ष गाठला. दिवसातलं मोठं काम हे. नगर रोडच्या अंगाला दोन एकर, विनापरवाना पाडलेले प्लॉट, वैतागलेला मालक, पडेल भाव. सातबारा कोरा. भागीदार सकाळपासून फोनवर: इसार आजच देऊन टाकू, उद्या दुसरा कोणी उचलेल.

मराठवाड्यात कोऱ्या सातबाऱ्यावर भाळू नये. आपल्याकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, आणि इनामांच्या नोंदी कुठं उर्दूत, कुठं मोडीत अडकल्या आहेत. नव्या सातबाऱ्यावर येता येता त्या गळतात. कधी चुकून, कधी कुणी गाळल्या म्हणून. त्या सापडतात १९५४-५५ च्या खासरा पत्रकात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती आली तेव्हा जुन्या दप्तराचे असेच रुमाल सुटले होते. एरवी त्यांच्याकडं कोण बघतं!

लाल कापडाचा रुमाल सुटला, धूळ उडाली, लिपिक शिंकला. पानांच्या कडा बिस्किटासारख्या मोडतात, म्हणून बोट पानाखालून घालायचं. गट नंबरवरून जुना सर्व्हे नंबर काढला होता, तो सापडला आणि त्याच्या पुढच्या रकान्यात एक शब्द: खिदमतमाश.

मदतमाश म्हणजे व्यक्तीला निर्वाहासाठी दिलेलं इनाम. त्यात नजराणा भरून वाट निघते. खिदमत म्हणजे सेवा. देवळात दिवा लावणाऱ्याला, दर्ग्यात झाडलोट करणाऱ्याला त्या सेवेपोटी दिलेली ही जमीन. कसणारा राखणदार, मालक देव किंवा दर्गा. ती विकणाऱ्याला विकायचा अधिकारच नाही, मग पुढं तिची दहा खरेदीखतं होवोत. त्या दोन एकरांत आत्ताच अकरा घरं उभी आहेत. प्रत्येकाच्या घरात एक बॉन्ड जपून ठेवलेला असणार.

भागीदाराला फोन केला. “अहो अण्णा, सातबाऱ्यावर तर काहीच नाही!”

“म्हणूनच तर खासरा काढला.”

तो रुसला. रुसू दे. काही वर्षांपूर्वी अशाच कोऱ्या सातबाऱ्यावर दोन लाखांचा इसार देऊन बसलो होतो, त्यातला एक रुपया परत आलेला नाही. नकलेचा अर्ज टाकून निघालो.

५.४५
पुन्हा आबांकडं. अंगणात खाट टाकलेली, सून चहा घेऊन आली. पैशाचं बोलायला मुलगाही येऊन बसला होता. रस्त्यानं येताना मनात दोन वाक्यं घोळत होती, कुठलं बोलायचं ते ठरत नव्हतं. त्या खासऱ्यानं दिवस नासवला होता आणि हे घर घेतलं असतं तर तो भरून निघाला असता. चहा अर्धा झाल्यावर बोललो: घर नियमित होतंय, अर्ज तुम्हीच टाका, बिल आणि बॉन्डची झेरॉक्स जोडा, नकाशाला परवानाधारक अभियंता लागेल.

आबा माझ्याकडं बघत राहिले. “मंग इकू कामून?”

“नका विकू.”

मुलगा हसला. सकाळचा भाव कुणीच पुन्हा काढला नाही.

८.३०
वहीत नोंद: तीन जागा पाहिल्या, तिन्ही सोडल्या. पेट्रोल २०० रुपये.

नोटीस आलेल्यांनी घाबरून घर विकण्याआधी नगरपरिषदेत जाऊन गुंठेवारीची चौकशी करावी. आमच्यासारख्यांना फोन त्यानंतर करावा.