तिरंगी ढाल आणि सोयाबीनची सुडी

देशासाठी लढणाऱ्या चित्रकथांतल्या वीरांनाही नशीब लागतेच! कॅप्टन अमेरिका आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण त्याच्या वर्षभर आधी, १९४० च्या आरंभी, अमेरिकेच्या झेंड्याचे रंग ल्यालेला ‘द शील्ड’ नावाचा वीर ‘पेप कॉमिक्स’मध्ये अवतरला होता, हे किती जणांना माहीत असेल? १९४१ साली कॅप्टन आला तेव्हा त्याची ढाल त्रिकोणी होती. ही तर आमच्या वीराच्या छातीवरचीच ढाल, अशी तक्रार शील्डच्या प्रकाशकांनी केली आणि दुसऱ्या अंकापासून कॅप्टनची ढाल गोल झाली. ती गोल ढाल जगप्रसिद्ध झाली; जिच्यामुळे ती गोल झाली, तो बिचारा मागेच राहिला.

आपल्याकडेही हाच न्याय. १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघाले, त्यात राज्य वेताळाचे. १९७६ मध्ये तेथे आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. त्याला चितारले गोविंद ब्राह्मणिया यांनी. केशरी कुडता, खाली जीन्स, अंगात दैवी शक्ती म्हणाल तर काही नाही. गावोगावच्या माणसांचे सुरक्षा दल उभारून डाकूंशी सामना करायचा, हीच त्याची शक्ती. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. पुढच्या दशकात ‘राज कॉमिक्स’चा नागराज घरोघर पोचला, त्याच घरातला तीन रंगांचा वेष आणि हाती ढाल घेतलेला ‘तिरंगा’ मात्र दुसऱ्या पंगतीतच बसला.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ही हिंदी पुस्तके भाड्याने मिळत. माझ्या पिढीतले कित्येक जण हिंदी शिकले ते क्रमिक पुस्तकापेक्षा यांच्यावरच. आणि पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करायचे असल्यामुळे वीराला घरी ठेवून घेण्याचा एकच उपाय होता: वहीच्या शेवटच्या पानावर त्याचे चित्र काढणे. चौकोन पाडून, खोडरबराने कागद फाटेपर्यंत!

ती हौस अजून जिवंत आहे. आमच्या महाविद्यालयाचे भित्तिपत्रक माझ्याकडे असते. गेल्या स्वातंत्र्यदिनासाठी मी ‘मागे पडलेले वीर’ हा विषय दिला. मुलांनी जुने अंक धुंडाळले आणि चित्रे काढून आणली. एकाने तिरंग्याला लोणारच्या विवरातून वर येताना दाखवले. त्याचे म्हणणे असे, की परदेशी वीर दूरच्या ग्रहावरून येतात. आमच्याकडे तर उल्का पडून जवळपास दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा तयारच आहे! दुसऱ्याचा वीर सिंदखेडराजाला, जिजाऊंच्या जन्मस्थानी, ढाल खाली ठेवून हात जोडून उभा होता. मी आपला अशोकचक्राचे आरे मोजीत बसलो. चोवीस असायला हवेत. कोणाचे वीस भरले, कोणाचे अठ्ठावीस. तेवढे दुरुस्त करून घेतले.

आमचे एक सहकारी म्हणाले, “अहो, ही सगळी उसनवारी! दुसऱ्याचा वीर घेऊन चित्र काढले, यात मुलांचे स्वतःचे काय?” मी म्हटले, आख्यान तेच असते, म्हणून कीर्तनकार का उसना ठरतो? पिंगुळीच्या चित्रकथींनी रामायण काही नव्याने रचले नाही. पण राम आपल्या गावी आणला तो त्यांनीच.

त्या चित्रांत एक चित्र एका शेतकऱ्याच्या मुलीचे होते. कापणीनंतर शेतात रचलेली सोयाबीनची सुडी, वर अवकाळी पावसाचे काळे आभाळ आणि तिरंगा आपली ढाल सुडीवर धरून उभा. सहकाऱ्यांनी चष्मा सावरला. “ढाल केवढी, सुडी केवढी! काय झाकणार ती?”

“म्हणून तर बाजूला ताडपत्री काढली, सर,” ती म्हणाली.

खरेच, चित्राच्या कडेला आईबाप आणि एक लहान भाऊ ताडपत्रीची टोके धरून धावत होते. चौथे टोक मोकळे होते. “ते कोणाचे?” मी विचारले. “माझे. मी तेव्हा कॉलेजात होते.”

यावर कोणी काही बोलले नाही. वर्षाची कमाई भिजताना ज्या घराने पाहिली आहे, त्या घराला देश म्हणजे काय हे व्याख्यानातून सांगावे लागत नाही. तिच्या वीराने शत्रू मारला नव्हता. तो हाताशी आला होता, एवढेच. आणि तो एकटा पुरणार नाही, हेही तिला पक्के ठाऊक होते. बहादूरच्या सुरक्षा दलाचे मर्म तरी याहून निराळे काय होते?

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत मुलांच्या जुन्या वह्या रद्दीत निघतात. त्या देण्यापूर्वी शेवटचे पान एकदा उलटून पाहा. तेथे कोणी तिरंगी ढालवाला उभा असेल, तर तो कोणाच्या रक्षणासाठी उभा आहे, ते मुलाला विचारा. चित्र बेताचे असले तरी चालेल; उत्तर ऐकण्यासारखे असते.