टेलच्या शेताला पाणी

भातसानगरच्या आसपास कालव्यावर शेती करणाऱ्या कुणालाही विचारा, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं दुखणं तो एका वाक्यात सांगेल: पाणी सोडलं तरी ते वरच्या वरच संपतं. मोठ्या आतड्याच्या एका चिवट आजारात औषधाचंही असंच होतं.

हा आजार म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच उलटते, अस्तर सुजतं, त्याला व्रण पडतात. दिवसातून अनेकदा शौचाला धावावं लागतं, आव आणि रक्त पडतं, जाऊन आलं तरी पुन्हा कळ येते. आजार जवळजवळ नेहमीच गुदाशयात, म्हणजे अगदी टेलला सुरू होतो आणि तिथून सलग वर चढतो. कित्येकांत तो गुदाशयापुरता किंवा डाव्या बाजूच्या आतड्यापुरताच राहतो.

यावरचं मुख्य औषध मेसालामाइन. ते रक्तात जाऊन काम करत नाही, सुजलेल्या अस्तराला प्रत्यक्ष लागावं लागतं. नुसतं गिळलं तर बहुतेक लहान आतड्यातच शोषलं जातं. म्हणून गोळीला खास आवरण असतं. तरीही आजारी भागातून सगळं झपाट्याने पुढे सरकतं आणि गुदाशयाच्या वाट्याला औषध कमी येतं. मग टेलचं औषध टेलकडूनच द्यायचं: गुदद्वारातून.

हे औषध ओळखलं गेलं तेही याच वाटेने. स्वीडनच्या डॉ. नन्ना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीसाठी सल्फासॅलाझिन तयार करून घेतलं. त्याने आतड्याचे रुग्णही सुधारू लागले. पण हे दोन रेणूंचं जोड-औषध, त्यातला एक मेसालामाइन. आतड्यातले जीवाणू ती जोडी फोडतात. मग गुण कुणाचा? १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये डॉ. ए. के. आझाद खान (हे पुढे ढाक्यातले नामवंत डॉक्टर झाले) आणि डॉ. सिडनी ट्रूलव्ह यांनी अख्खं औषध आणि त्याचे दोन्ही तुकडे वेगवेगळ्या रुग्णांना एनिमाने दिले. गिळायला दिले असते तर सुटे तुकडे वाटेतच शोषले गेले असते. गुण निघाला मेसालामाइनचा.

आपल्याकडे ही वाट फार जुनी आहे. बस्ती म्हणजे मूत्राशय. पूर्वी जनावराच्या मूत्राशयाची पिशवी वापरत, त्यावरून गुदद्वारातून औषध देण्याच्या उपचाराला ते नाव पडलं. चरकसंहितेत अतिसाराच्या अध्यायात शाल्मलीच्या देठांपासून केलेला पिच्छाबस्ती आहे. शाल्मली म्हणजे शहापूर-मुरबाडच्या रानात उन्हाळ्याच्या तोंडाशी लालभडक फुलणारी काटेसावर. पण म्हणून कुणी घरी सावरीचा काढा करून भरू नये. व्रण पडलेल्या आतड्यावर असले प्रयोग धोक्याचे.

आजार गुदाशयापुरता असेल तर डॉक्टर सपोझिटरी देतात, म्हणजे आत सरकवायची, अंगाच्या उबेने विरघळणारी लहान बत्ती. डाव्या बाजूला वर चढला असेल तर एनिमाची बाटली. ती रात्री झोपताना, शौचाला जाऊन आल्यावर घ्यायची. बाटली हलवायची, थंड असेल तर हातात धरून कोमट करायची. डाव्या कुशीवर पडून उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा, कारण आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो आणि औषध उताराने तिकडे जातं. हळूहळू दाबायचं, अर्धा तास तसंच पडून राहायचं, जमलं तर रात्रभर आत धरायचं. पहिले काही दिवस ते धरवत नाही. सूज उतरली की धरवतं. तेवढ्यासाठी औषध सोडू नये. चादरीवर डाग पडतात, खाली जुनं लुगडं घालावं.

पोटातली गोळी आणि हे औषध दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा जास्त गुण देतात, हे तपासून पाहिलेलं आहे. तरी लोक ते टाळतात, कारण लाज. एका खोलीच्या घरात, सासू-सुनांच्या मध्ये, हे घ्यायचं कुठे हा प्रश्न खरा आहे आणि डॉक्टरांनी तो स्वतःहून विचारायला हवा. पण औषध ‘तिथून’ दिलं म्हणून ते कमी प्रतीचं ठरत नाही. आजार जिथे आहे तिथेच ते पोहोचतं.

त्याहून मोठा घात होतो तो शौचातल्या रक्ताला मूळव्याध समजून वर्षं काढण्यात. अमीबाच्या आवेतही रक्त पडतं, आणि त्यात न तपासता स्टेरॉइड घेतलं तर जिवावर बेततं. म्हणून आधी शौचाची तपासणी आणि दुर्बीण, मग औषध.

रक्त दिसतंय, आव पडते, रात्री झोपेतून उठून जावं लागतं, असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा आणि हे सगळं याच शब्दांत, न लाजता सांगा.