विंच-बंपर : घरी घडविण्यापूर्वीचा हिशेब

जुन्या वाड्याच्या माजघरात टांगलेला झोपाळा पाहिला की नजर प्रथम त्याच्या सागवानी पाटावर आणि पितळी साखळ्यांवर जाते. तुळईत खोल बसविलेल्या ज्या कड्यांवर तो सारा भार तोललेला असतो, त्यांच्याकडे सहसा कोणी मान वर करून पाहात नाही. वस्तुतः घरातील लेकरे आणि वडीलधारी माणसे त्या कड्यांच्याच हवाली असतात. जीपच्या पुढील बाजूस विंच बसविण्यासाठी जो जाड पोलादी बंपर घडवितात, त्याची गोष्ट अशीच आहे. त्याचा रुबाब समोरून दिसतो; त्याचे बळ मात्र मागे, जेथे तो चॅसिसला जोडलेला असतो तेथे, दडलेले असते. म्हणूनच हा विषय केवळ हौशी तरुणांचा नसून त्यांच्या घरच्यांचाही आहे, असे आम्हांस वाटते.

विंच म्हणजे काय, हे मोटेची विहीर पाहिलेल्यांना निराळे सांगावयास नको. बैल धावेवरून उतरत जात आणि चाकावरून गेलेला नाडा पाण्याने भरलेली मोट वर आणी. विंचमध्ये बैलांच्या जागी विजेची मोटर असते. दातेरी चाके तिचा वेग कमी करून जोर वाढवितात आणि दोर एका रुळावर गुंडाळला जातो. दोराचे दुसरे टोक झाडाला वा दुसऱ्या गाडीला बांधले की चिखलात रुतलेली जीप स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढू शकते.

दुसऱ्या महायुद्धाच्या कामी आलेली ही गाडी १९४७ पासून मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात जुळविली जाऊ लागली आणि पुढे शेतावर, जंगलखात्यात, धरणांच्या कामांवर सर्वत्र पोहोचली. आपल्या गोव्यात कुळे येथून दूधसागरकडे जाणाऱ्या जीपगाड्या ओढ्यांचे पाणी कापीत जातात, हे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. २०१४ पासून गोव्याच्या पावसाळी चिखलात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही मूळची मलेशियातील स्पर्धाही भरू लागली आणि विंच हा शब्द घरोघरच्या तरुणांच्या तोंडी आला. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या वसाहतीत कापणारे, वाकविणारे, जोडणारे हात विपुल आहेत. तेव्हा तयार बंपर विकत घेण्यापेक्षा आपणच घडवावा, असा विचार मनात येणे स्वाभाविक होय. त्या विचाराला आमचा विरोध नाही. मात्र लोखंड कापण्याआधी कागदावर थोडे गणित व्हावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

ओढीचे गणित

बाजारात विंचची शक्ती पौंडांत सांगतात. माणसे, सामान आणि इंधन धरून गाडीचे जे भरलेले वजन होते, त्याच्या किमान दीडपट शक्तीचा विंच घ्यावा, असा रूढ दंडक आहे. दोन टनांच्या गाडीस त्या हिशेबाने तीन टन, म्हणजे सुमारे ६,६०० पौंड लागतात; पण चिखलाचा हिशेब याहून कठोर असतो. गाडी चाकाच्या उंचीइतकी रुतली तर तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट आणि त्याहूनही वर गेली तर तिप्पट, असा ठोकताळा लष्करात वापरतात. म्हणून अशा गाडीवर बहुधा ९,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४.३ टन ओढीचा विंच बसविलेला आढळतो.

ही ४.३ टनांची ओढ दोराचा रुळावर एकच थर असताना मिळते. थरावर थर चढत जातात तसतसा रुळाचा व्यास वाढतो आणि ओढ घटत जाते. तेव्हा जोर हवा असेल तर दोर लांबपर्यंत सोडावा. मात्र पोलादी दोराचे किमान पाच वेढे रुळावर राहू द्यावेत, कारण दोराला धरून ठेवण्याचे काम ते वेढे करतात, टोकाचा स्क्रू नव्हे.

यापुढची गोष्ट बंपर घडविणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी. ओढ अपुरी पडली तर झाडाला कप्पी बांधून दोर तिच्यातून परत आणतात आणि त्याचे टोक आपल्याच गाडीच्या कडीत अडकवितात. गाडी निम्म्या वेगाने सरकते आणि ओढ जवळजवळ दुप्पट होते. परंतु ही दुप्पट ओढ सोसणार कोण? एका दोराचा ताण विंचवर, दुसऱ्याचा कडीवर आणि दोन्हींची बेरीज बंपरवर. म्हणजे ४.३ टनांच्या विंचसाठी घडविलेल्या बंपरला प्रसंगी साडेआठ टनांहून अधिक भार झेलावा लागेल. झाडावरही तेवढाच भार येतो. विंचवर छापलेला आकडा वाचून बंपर घडविणारा कारागीर अर्धेच गणित करीत असतो, हे यावरून कळून येईल.

साचा, पोलाद आणि सांधा

प्रथम जाड पुठ्ठ्याचा साचा करावा. शिंपी कापडाला कात्री लावण्यापूर्वी कागदी नमुना कापतो, तसेच हे आहे. पुठ्ठा गाडीवर धरून पाहिला म्हणजे दिवे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, रेडिएटरकडे जाणारा वारा अडत नाही ना, पूर्ण वळविलेले चाक कोठे घासत नाही ना, हे सारे फुकटात समजते. बंपरची खालची कड जितकी वर तितके बरे. ती खाली आली की चढाला चाक लागण्याआधी बंपरच मातीत घुसतो.

बंपरचे दोन भाग मनात वेगळे करावेत. एक आतील पाळणा, ज्यात विंच बसतो. दुसरे बाहेरील कवच, जे दिसते. पाळण्यासाठी किमान ६ मिलिमीटर जाडीची सौम्य पोलादाची प्लेट अथवा तयार चॅनल वापरावा. कवचाला चार-पाच मिलिमीटर पुरे. याहून जाड वापरण्याचा मोह टाळावा, कारण ५ मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर प्लेट जवळजवळ ३९ किलो भरते. पोलादी दोरासह विंचचे पस्तीस-चाळीस किलो त्यात मिळविले की सारा संच ऐंशी-नव्वद किलोंवर सहज जातो. पुढच्या चाकांच्याही पुढे एक धडधाकट माणूस कायमचा बसविण्यासारखेच हे आहे. कमानपाटे दबतात आणि ब्रेक लावताना गाडीचे नाक अधिक झुकते.

या वर्गातील बहुतेक विंचना चार बोल्टांची बैठक असते. भोकांमधील अंतर आडवे २५४ मिलिमीटर आणि उभे ११४.३ मिलिमीटर. तरीही भोके पाडण्यापूर्वी प्रत्यक्ष विंच हाती घेऊन मोजावे. विंच शक्य तितका खाली आणि चॅसिसच्या जवळ ठेवावा. दोराची रेषा चॅसिसच्या जितकी वर जाईल, तितका पाळणा पुढे उलथविण्याचा प्रयत्न ती करील आणि तो सारा ताण मागील बोल्टांवर येईल.

पाळणा चॅसिसच्या दोन्ही दांड्यांना पक्का जोडलेला असावा. दोर नेहमी सरळ समोरच ओढला जात नाही. बाजूने ओढ आली की एकट्या दांड्याला पीळ बसतो. जोडणी बोल्टांची असावी, चॅसिसला वेल्डिंग करू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. बोल्ट पुढेमागे काढून तपासता येतो. चॅसिसचे पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने नेमके तेथेच दुर्बळ होऊ शकते. दांडा पोकळ पेटीसारखा असेल तर भोकातून आत पाइपचा तुकडा घालून त्यातून बोल्ट न्यावा. नाहीतर आवळताना दांडाच चेपतो. बोल्ट निदान १२ मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ अथवा १०.९ हे आकडे उमटविलेले घ्यावेत आणि प्रत्येक बाजूस एकाहून अधिक असावेत. डोके कोरे असलेला बोल्ट कुंपणाला चालेल, येथे नव्हे.

कडीचे कान, म्हणजे ज्यांत शॅकल अडकवितात त्या जाड पट्ट्या, कवचावर नुसत्या चिकटवू नयेत. कवचाला खाच पाडून त्या आरपार आत न्याव्यात आणि पाळण्याला दोन्ही बाजूंनी जोडाव्यात. म्हणजे ताण पत्र्यावर न राहता थेट चॅसिसकडे जातो.

वेल्डिंग अनुभवी हातानेच व्हावे. आधी सर्वत्र छोटे टाके घालून, बंपर गाडीवर लावून पाहावा. मग तो उतरवून, थोडे या टोकाला थोडे त्या टोकाला असे आळीपाळीने सांधे भरावेत. एका दमात सबंध सांधा ओढला की पोलाद वाकते आणि भोके जुळत नाहीत. टाके गाडीवरच घालणे भाग पडले तर बॅटरीची तार आधी सोडवावी. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड तसेच जोडू नये. त्याचा धूर अंगाला बाधतो.

विजेकडेही दुर्लक्ष नको. आपल्या घरातील गीझरच्या जाड प्लगमधून फार तर १६ अँपियरचा प्रवाह जातो. भर ओढीत विंच ४०० अँपियरच्या घरात प्रवाह खेचतो. त्याच्या तारा जाडच हव्यात, पत्र्याच्या धारेवर घासू नयेत म्हणून रबरी कडीतून न्याव्यात आणि हाताशी वीज तोडण्याचा खटका असावा. इंजिन चालू ठेवून, मधूनमधून विसावा देत ओढावे.

दोराच्या वाटेत कोणी नको

पोलादी दोर ताणला जातो तेव्हा त्यात धनुष्याच्या प्रत्यंचेसारखी शक्ती साठते. दोर, कडी किंवा बंपरचा सांधा यांपैकी काहीही तुटले तर ती शक्ती क्षणार्धात सुटते आणि वाटेतील माणसाला सावध होण्यास वेळ मिळत नाही. म्हणून ताणलेला दोर कोणी ओलांडू नये, त्याच्या रेषेत उभे राहू नये आणि मुलांना तर तमाशा पाहावयासही जवळ येऊ देऊ नये. दोराच्या मध्यावर जाड घोंगडी वा ओले गोणपाट टाकावे. तुटलेला दोर त्याच्या वजनाने खाली येण्यास मदत होते. हातात चामडी मोजे असावेत. झाडाला दोर थेट न बांधता रुंद पट्टा बांधावा. झाडाची साल वाचते आणि दोरही वाचतो.

आता कृत्रिम धाग्याचे दोरही मिळतात. ते हलके असतात आणि तुटताना पोलादाइतका तडाखा देत नाहीत. मात्र ऊन, वाळू आणि घर्षण यांनी ते झिजतात. पोलादी दोराने ओरखडलेल्या रुळांवरून ते नेऊ नयेत; त्यांच्यासाठी गुळगुळीत तोंडाची वेगळी वाट बसवावी.

नवा बंपर प्रथम सपाट मैदानावर, हलक्या ओढीने तपासावा. नंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळावा आणि प्रत्येक सांधा उजेडात न्याहाळावा. ही तपासणी ऐन घाटात, रात्री, पावसात करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

कागदपत्रांची बाजू

येथवर सारे जमले तरी एक प्रश्न उरतोच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरील क्रॅश-गार्ड व बुल-बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन ठरतात, असे कळविले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बेकायदा फेरफारास पाच हजार रुपये दंडाची व कैदेचीही तरतूद आहे. यामागील कारण समजून घेण्याजोगे आहे. कारखान्यातील बंपर टक्कर होताच चेपतो आणि आघात पोटात घेतो; आपला पोलादी बंपर चेपत नाही, तो आघात पुढे चॅसिसला आणि आतील माणसांना देतो. रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला तर तो भिंतीसारखा लागतो. ज्या नव्या गाड्यांत एअरबॅग आहेत, त्यांत टक्कर ओळखण्याची मूळ योजनाच अशा बंपरमुळे बिघडू शकते. अशा गाड्यांना घरगुती बंपर लावूच नये, असे आमचे मत आहे. अपघातानंतर विम्याचा दावा अडण्याची शक्यताही ध्यानात घ्यावी.

तेव्हा शेताची, बागायतीची किंवा स्पर्धेच्या मैदानावरची जुनी जीप ही अशा बंपरची योग्य जागा होय. तीच गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणावयाची असेल तर परिवहन कार्यालयात आधी विचारावे, मग पोलाद खरेदी करावे.

घरातील तरुणाने असा बेत मांडला तर वडिलांनी तो हसण्यावारी नेऊ नये आणि डोळे मिटून पैसेही देऊ नयेत. पुठ्ठ्याचा साचा मागवून घ्यावा आणि साडेआठ टनांचा भार कोणत्या बोल्टांतून कोठे जातो, हे त्यावर बोट ठेवून दाखवावयास सांगावे. ज्याला ते दाखविता येईल त्याच्या हातून बंपर चांगला घडेल, आणि पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी तो आडवाटेवर अडकलेल्या परक्या कुटुंबालाही सुखरूप बाहेर काढील. ज्याला दाखविता येणार नाही, त्याने तूर्त एक भक्कम पट्टा आणि फावडे गाडीत ठेवावे. पुष्कळ वेळा तेवढ्यानेही काम भागते.