एकच मजकूर, अनेक पत्ते : संकेतस्थळांची पाने शोधयंत्रातून का गळतात?

एखादे वृत्त संकेतस्थळावर प्रसिद्ध होते, पण गूगलवर शोधले असता ते सापडत नाही; सापडलीच तर त्याची छपाईसाठी केलेली जुनी प्रत सापडते. प्रवेशाची वा शिष्यवृत्तीची मुदत पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती अशा वेळी कालबाह्य तारीख पडू शकते. शोधयंत्राने संकेतस्थळाला दंड ठोठावला, असा समज मग चालकांमध्ये पसरतो. तो बहुधा चुकीचा असतो. फसवणुकीचा हेतू नसेल तर मजकुराच्या पुनरावृत्तीबद्दल दंड होत नाही, असे गूगलने स्पष्ट केले आहे. खरा घोळ पत्त्यांचा असतो.

पत्त्यातील एक चिन्ह बदलले तरी संगणकाच्या लेखी ते निराळे पान ठरू शकते. 'एचटीटीपी' आणि 'एचटीटीपीएस', शिवाय 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आणि त्याविना, असे एकाच मुखपृष्ठाचे चार पत्ते सहज तयार होतात. वाचक कोठून आला हे मोजणाऱ्या खुणा पत्त्याच्या शेपटीला जोडल्या की ही संख्या आणखी वाढते. शोधयंत्र या साऱ्या प्रती एका गटात घालून त्यांतील एक प्रातिनिधिक मानते आणि उरलेल्या बाजूला ठेवते. कोणती ठेवायची हे चालकाने सांगितले नाही, तर यंत्रच ठरवते.

देवनागरी पत्त्यांत आणखी एक मेख आहे. 'वऱ्हाड' या शब्दातील रफार युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण आतील संकेतांक वेगळे असतात. पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह टक्केचिन्हांच्या नऊ अक्षरी मालिकेत रूपांतरित होते, तेव्हा हा फरक उघड होतो आणि दोन स्वतंत्र पत्ते जन्माला येतात. दोन उपसंपादकांचे कळफलक वेगळे असले, तरी एवढे घडण्यास पुरेसे आहे.

यावरील मुख्य उपाय म्हणजे रीडायरेक्ट, अर्थात जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्याकडे वळवणे. स्थलांतर कायमचे असल्यास ३०१ किंवा ३०८ आणि तात्पुरते असल्यास ३०२ किंवा ३०७ हा संकेत सर्व्हरने द्यावयाचा असतो. वळण एकाच टप्प्यात संपलेले उत्तम. साखळी लांबत गेल्यास गूगलचा यंत्रवाचक साधारण १० टप्प्यांनंतर नाद सोडतो. दोन पत्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले, तर पान कोणालाच उघडत नाही. नवे संकेतस्थळ उभारताना सर्व जुनी पाने सरसकट मुखपृष्ठाकडे वळवण्याची सवय विशेष घातक आहे. अशा पानांना गूगल 'पान अस्तित्वात नाही' याच सदरात टाकू शकते आणि वर्षानुवर्षांचे दुवे वाया जातात. प्रत्येक जुन्या पानाला त्याच्याच नव्या रूपाकडे न्यावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला जवळचा मार्ग नाही.

दोन्ही प्रती राहणे आवश्यक असेल, तेथे 'कॅनॉनिकल' हा दुवा उपयोगी पडतो. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये त्याला पाठिंबा जाहीर केला. मात्र ती सूचना असते, आज्ञा नव्हे. दुवा एक पत्ता सांगतो आणि साइटमॅप दुसरा, असे झाल्यास यंत्र स्वतःचा निर्णय घेते. नक्कल लपवण्यासाठी 'रोबोट्स' फाइलमधून ते पान बंद करणे हाही उलटा उपाय ठरतो, कारण बंद पानावरील कॅनॉनिकल दुवा यंत्राला वाचताच येत नाही.

वृत्तसंस्थांचे वृत्त अनेक दैनिकांत जसेच्या तसे येते, तेथे प्रश्न वेगळा आहे. मूळ वृत्तच शोधात दिसावे असे वाटत असल्यास पुनर्प्रकाशकांनी आपल्या प्रतीला 'नोइंडेक्स' ही खूण लावावी, असा गूगलचा सध्याचा सल्ला आहे. मराठी व हिंदी आवृत्त्या मात्र एकमेकींच्या नकला मानल्या जात नाहीत. त्यांचे नाते 'एचरेफलँग' या खुणेने दाखवता येते.

दुरुस्तीनंतर सर्च कन्सोलमध्ये परिणाम दिसण्यास काही आठवडे लागू शकतात. या काळात घाईने पुन्हा बदल केल्यास गोंधळ वाढतो. वळणे किमान एक वर्ष टिकवावीत, असे गूगल सांगते. तेथील अहवालात जुन्या पत्त्यासमोर 'रीडायरेक्ट असलेले पान' अशी नोंद दिसली, तर तो दोष नव्हे. जुना पत्ता त्याच यादीत असावयास हवा.